बैठकीच्या खोलीतला कॉम्प्युटर

व्हायव्हाला एक्स्टर्नल मूडमध्ये असले की हमखास एक सोपा प्रश्न टाकतात : कॉम्प्युटरचा जनक कोण? आपण चार्ल्स बॅबेज म्हणतो आणि सुटतो. फार तर पुढे एनिॲक, १९४६, अमेरिका एवढं जोडतो. पण बॅबेज आणि एनिॲक यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे, आणि तो आपल्याला कुणी नीट सांगत नाही. तो ना कॉम्प्युटर ब्रँचचा, ना इलेक्ट्रॉनिक्सचा. चक्क सिव्हिलवाला! त्याने कॉम्प्युटर बांधला तोही कुठल्या लॅबमध्ये नाही, तर आईवडिलांच्या घरी, बैठकीच्या खोलीत. कोनराड त्सुझे त्याचं नाव. स्पेलिंग बघून आपण झुसे वाचतो, जर्मन लोक त्सुझे म्हणतात.

होस्टेलवर ज्यांच्याकडे अजून डेस्कटॉप आहेत, त्यांचा पीसी रुसला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन मला हाक मारली जाते. त्यामुळे त्सुझे यांचं चरित्र वाचताना माझं लक्ष इतिहासापेक्षा दुसऱ्याच गोष्टीकडे जात होतं. हा माणूस आयुष्यभर एकच काम करत होता : मशीन बांधायचं, ते कुठे अडतं ते शोधायचं, चालणारा भाग जपायचा आणि अडणारा भाग बदलायचा. ट्रबलशूटिंग आणि अपग्रेड! म्हणून मित्रांनो, त्यांची गोष्ट मी त्याच अंगाने सांगणार आहे.

त्सुझे यांचा जन्म २२ जून १९१० चा, बर्लिनमधला. वडील पोस्टात नोकरीला. बदलीच्या नोकरीमुळे लहानपण ब्राउन्सबर्ग आणि होयर्सवेर्डा या छोट्या गावांत गेलं. चित्रं काढायची आणि पत्र्याच्या पट्ट्या नटबोल्टने जोडून क्रेन बनवायच्या, हे दोन छंद. पुढे बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग इथल्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश घेतला तो मेकॅनिकलला. तिथे मन रमेना. मग आर्किटेक्चर. तेही जमेना. शेवटी सिव्हिल. ब्रँच चेंजचा अर्ज हातात घेऊन ऑफिसबाहेर उभं राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं! १९३५ मध्ये ते इंजिनिअर झाले आणि बर्लिनजवळ शोनेफेल्डला हेन्शेल कंपनीच्या विमान कारखान्यात लागले. काम होतं विमानाच्या भागांवर येणाऱ्या ताणाचं गणित करणं.

सिव्हिलवाल्यांना हे गणित सांगायला नको. इनडिटरमिनेट स्ट्रक्चर म्हटलं की सायमल्टेनिअस इक्वेशन्स आली. अज्ञातं दुप्पट झाली की एकेक अज्ञात काढून टाकायची मेहनत साधारण आठपट होते. आज आपण मेट्रिक्स सॉफ्टवेअरमध्ये भरतो आणि चहाला जातो. तेव्हा माणसं हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर दिवसेंदिवस तेच ते आकडे ठोकत बसायची. त्सुझे यांच्या लक्षात आलं की या कामात डोकं फार कमी लागतं. कुठला आकडा कुठून उचलायचा, त्याचं काय करायचं, उत्तर कुठे लिहायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. मग ते मशीनने का करू नये? १९३६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि घरी येऊन सांगितलं की मी आता गणित करणारं यंत्र बांधणार.

आपल्या घरी असं सांगितलं तर काय होईल याची कल्पना करा. त्सुझे यांच्या आईवडिलांनी मात्र बैठकीची खोली रिकामी करून दिली. आईवडिलांनी आणि बहिणीने पैसे दिले. कॉलेजचे मित्र कुणी पैसे देत, कुणी येऊन बारीक करवतीने पत्रे कापत बसे. मशीनला लागणारे हजारो पत्रे असे घरात, हाताने कापलेले आहेत. बॅबेज नावाच्या कुणी शंभर वर्षं आधी असाच खटाटोप केला होता, हे त्सुझे यांना तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हतं.

बाजारातले कॅल्क्युलेटर तेव्हा दहा दात्यांच्या चाकांवर चालत. त्सुझे यांनी चाकं सोडून दिली आणि बायनरी पद्धत घेतली. त्यांची युक्ती समजायला सोपी आहे. एकावर एक पत्रे, त्यांना खाचा, आणि खाचांतून जाणारी एक खिळी. खिळी एका जागी असली की शून्य, सरकली की एक. एका पत्र्याची हालचाल दुसऱ्या पत्र्यापर्यंत पोचणार की नाही, हे खिळीच्या जागेवरून ठरतं. म्हणजे हा पत्र्याचा स्विचच झाला. असे स्विच जोडत जोडत त्यांनी मेमरी बनवली आणि गणित करणारा भागही बनवला. तोही साधासुधा नाही, तर फ्लोटिंग पॉइंटमध्ये गणित करणारा. प्रोग्रॅमसाठी टेप हवी होती. त्यासाठी सिनेमाची टाकाऊ ३५ मिलिमीटर फिल्म घेऊन तिला भोकं पाडली. १९३८ मध्ये यंत्र उभं राहिलं. तेच झेड-१. मेमरी वेगळी, गणिताचा भाग वेगळा, कंट्रोल वेगळा, प्रोग्रॅम बाहेरून. आज आपल्या पुस्तकात कॉम्प्युटरचा जो ब्लॉक डायग्रॅम असतो, त्याच्याशी किती जवळचं नातं आहे बघा.

पण झेड-१ धड चालेना. पत्रे अडकायचे.

इथून माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते. दोन वर्षांची मेहनत, घरच्यांचे पैसे, मित्रांच्या सुट्ट्या या पत्र्यांत गेल्या होत्या. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. सगळं भंगारात टाकून पुन्हा नोकरी धरायची, नाहीतर सगळं पहिल्यापासून नव्याने बांधायचं. त्सुझे यांनी दोन्ही केलं नाही. यंत्रातला कुठला भाग अडतो, ते त्यांनी पाहिलं. मेमरी चांगली चालत होती. तिथे खिळीने फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायचं आणि तिथेच थांबायचं. रड होती ती गणिताच्या भागाची. तिथे एका पत्र्याचा धक्का पुढच्याला, त्याचा त्याच्या पुढच्याला, अशी लांब साखळी होती. हाताने कापलेल्या पत्र्यांत कुठे केसभर फरक राहिला की पुढचं सगळं ठप्प.

म्हणून झेड-२ मध्ये त्यांनी पत्र्यांची मेमरी तशीच ठेवली आणि गणिताचा भाग तेवढा टेलिफोनच्या रिलेंवर नेला. मशीन्स लॅबमधला रिले आपण सगळ्यांनी पाहिलाय. कॉइलला करंट दिला की टक्कन कॉन्टॅक्ट जुळतो. तिथे धक्का पत्र्यातून न जाता तारेतून जातो, त्यामुळे साखळी कितीही लांब असली तरी घर्षणाचा प्रश्न येत नाही. शेकड्यांनी नवे रिले घ्यायला पैसे नव्हते, म्हणून वापरलेले जुने रिले आणले. आपल्या भाषेत सांगायचं तर रॅम जुनीच, प्रोसेसर बदलला.

आपण काय करतो? पीसी स्लो झाला, हँग झाला की निदान न करताच नवा घ्यायचं ठरवतो. त्सुझे यांची पद्धत लावून बघा. पॉवर दिल्यावर पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही? आधी मॉनिटरची केबल आणि मॉनिटरचा स्वतःचा पॉवर बघायचा. मग मेन्सचा प्लग काढून कॅबिनेट उघडायचं, धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवायची, आणि रॅम काढून तिच्या सोनेरी पिनांवरून हलक्या हाताने खोडरबर फिरवून ती पुन्हा नीट खटकन बसवायची. तरीही नाही? जास्तीची कार्डं, हार्ड डिस्क, सगळं सोडवून ठेवायचं. फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस. एवढ्यावर चालू झाला तर एकेक भाग परत जोडत जायचं. ज्याच्यावर अडेल तो चोर. एवढ्यावरही नाही झाला, तर शेजारच्या रूममधली चालणारी रॅम, चालणारा एसएमपीएस लावून बघायचा, पण एका वेळी एकच. दोन भाग एकदम बदलले की पीसी सुरू होईल, पण बिघाड कशात होता ते कळणार नाही. (एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.)

अपग्रेडचंही तसंच. कुठे अडतंय ते आधी बघायचं. जुन्या पीसीत बहुतेक वेळा प्रोसेसर मोकळाच बसलेला असतो आणि अडतं ते फिरणाऱ्या हार्ड डिस्कपाशी. तिथे एसएसडी लावली की तोच पीसी ओळखू येत नाही. घड्याळ रोज मागे जातंय? तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल बदला, मदरबोर्ड नव्हे!

त्सुझे यांचा जवळचा मित्र हेल्मुट श्रायर इलेक्ट्रिकलचा होता. तो म्हणायचा, रिले कशाला, व्हॅक्यूम ट्यूब घे. त्याने तशी सर्किट करूनही दाखवली. ट्यूब रिलेपेक्षा कितीतरी पट वेगवान, हे त्सुझे यांना पटत होतं. पण हजार-दोन हजार ट्यूब आणायच्या कुठून? दोघांनी लष्कराकडे मोठ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा प्रस्ताव ठेवला. किती वर्षं लागतील असं विचारल्यावर दोनेक वर्षं हे उत्तर ऐकून अधिकाऱ्यांनी तो नाकारला. तोवर आपण युद्ध जिंकलेलं असेल असा त्यांचा हिशोब होता. शेवटी हातात जे होतं ते रिले, म्हणून रिले. सर्वात भारी पार्ट कोणता यापेक्षा आपल्याला मिळणारा आणि परवडणारा पार्ट कोणता, हा प्रश्न बर्लिनमध्येही होता.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्सुझे यांना सैन्यात बोलावलं. काही महिन्यांनी हेन्शेल कंपनीने त्यांना परत मागून घेतलं. १९४० मध्ये झेड-२ चं प्रात्यक्षिक विमान संशोधन संस्थेच्या लोकांसमोर झालं. हे यंत्र तसं लहरी होतं, पण नेमकं त्या दिवशी चाललं! बीई प्रोजेक्टच्या डेमोला बसलेल्यांना हा प्रसंग विशेष भावेल. त्या डेमोवर पुढच्या यंत्राला थोडा पैसा मिळाला.

ते झेड-३. १२ मे १९४१ रोजी बर्लिनमध्ये त्याचं प्रात्यक्षिक झालं. आता मेमरीही रिलेची. एकूण दोन हजारांवर रिले, २२ बिटांचे ६४ शब्द, एका बेरजेला सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ, गुणाकाराला सुमारे ३ सेकंद. प्रोग्रॅमवर आपोआप चालणारं आणि खरोखर चालणारं जगातलं पहिलं यंत्र म्हणून आज झेड-३ चं नाव घेतात. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. रिलेचा शत्रू म्हणजे कॉन्टॅक्टवर पडणारी ठिणगी. ठिणगी पडून पडून कॉन्टॅक्ट जळतो. दोन हजार रिलेंचे कॉन्टॅक्ट कोण साफ करत बसणार? म्हणून त्सुझे यांनी करंट चालू-बंद करण्याचं काम एका फिरत्या ड्रमवरच्या संपर्कांना दिलं. रिले आधी जुळायचे, मग ड्रमवरून करंट यायचा. करंट थांबला की मग रिले सुटायचे. ठिणगी पडायचीच असेल तर ती ड्रमवर पडू दे, तिथे बदलायला सोपं. काहीतरी झिजणार हे नक्की असेल, तर ते हाताला येईल अशा जागी झिजावं. मेंटेनन्सचा विचार डिझाइनमध्येच केलेला हा माणूस!

इथे थोडं थांबून एक कडू गोष्टही सांगायला हवी. हे सगळं हिटलरच्या जर्मनीत चाललं होतं. हेन्शेलमध्ये त्सुझे यांचं काम हेन्शेल-२९३ या विमानातून सोडायच्या दूरनियंत्रित बॉम्बशी जोडलेलं होतं. बॉम्बच्या पंखांत उत्पादनात जे बारीक फरक राहत, त्यांची दुरुस्ती काढण्यासाठी त्यांनी खास रिले यंत्रं बांधली. ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते. पण या कामाबद्दल त्यांनी तेव्हा शंका काढल्याचंही कुठे दिसत नाही. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मान्य केलं की इंजिनिअरला बरेचदा सैतानाशी सौदा करावा लागतो, नाहीतर आवडीचं काम सोडून द्यावं लागतं. यंत्रातला दोष नेमका शोधणाऱ्या माणसाने यंत्र कुणासाठी चाललंय हा प्रश्न मात्र बाजूला ठेवला. त्यांच्याबद्दलचा सगळा आदर ठेवूनही ही गोष्ट मला खटकते, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला बसणाऱ्या आपल्यालाही ती खटकली पाहिजे.

त्याच युद्धाने त्यांचं कामही गिळलं. डिसेंबर १९४३ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्यात झेड-३ नष्ट झालं. झेड-१ ही त्याच्या ड्रॉइंगसकट गेलं. झेड-३ ची रचना १९४१ च्या पेटंट अर्जात लिहिलेली होती, म्हणून निदान कागदावर वाचली. बॅकअप, बॅकअप म्हणून सर का ओरडतात ते इथे कळतं.

तोवर झेड-४ चं काम सुरू झालं होतं, आणि त्यात एक गंमत आहे. झेड-४ ची मेमरी पुन्हा पत्र्याची! रिले महाग, मिळायला कठीण आणि जागा फार खाणारे. उलट ती झेड-१ मधली मेमरी कमी जागेत आणि बिनतक्रार चालणारी. नवीन म्हणजे चांगलं असं त्सुझे यांनी कधीच धरलं नाही. १९४५ च्या सुरुवातीला बर्लिन पडायच्या बेतात असताना त्यांनी झेड-४ शहराबाहेर हलवलं. आधी ग्योटिंगेन, मग दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याचं हिंटरश्टाइन हे खेडं. सुमारे टनभर वजनाचं यंत्र एका शेडमध्ये लपवून ठेवलं. जानेवारीत गिझेला यांच्याशी लग्न झालेलं, नोव्हेंबरमध्ये पहिला मुलगा. हातात ना वर्कशॉप, ना पार्ट, ना पैसे. हार्डवेअरला हात लावता येत नाही म्हटल्यावर त्यांनी कागदावर प्लांकाल्क्युल ही प्रोग्रॅमिंगची भाषा पुरी केली. ती पूर्ण स्वरूपात छापली गेली १९७२ मध्ये.

१९४९ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तांत्रिक विद्यापीठातले प्राध्यापक एडुआर्ड श्टीफेल शोधत शोधत त्सुझे यांच्यापर्यंत पोचले. त्यांनी एक डिफरन्शिअल इक्वेशन दिलं. त्सुझे यांनी प्रोग्रॅम केला, झेड-४ ने ते सोडवलं. श्टीफेल यांनी यंत्र भाड्याने घ्यायचं ठरवलं, पण एक मागणी ठेवली : कंडिशनल जंप हवा. आपला साधा इफ-एल्स! तोवरच्या यंत्रांत तो नव्हता. त्सुझे यांनी तो आहे त्या यंत्रातच बसवून दिला. १९५० मध्ये झेड-४ झुरिकला गेलं आणि १९५५ पर्यंत तिथे चाललं. इतकं भरवशाचं, की रात्री कुणी शेजारी नसतानाही गणित चालू ठेवून लोक घरी जात. झेड-१ च्या अडकणाऱ्या पत्र्यांपासून इथपर्यंत बारा वर्षं लागली.

१९४९ मध्ये त्सुझे यांनी कंपनी काढली. झेड-२२ मध्ये अखेर व्हॅक्यूम ट्यूब आल्या. त्याचीच रचना ट्रान्झिस्टरवर नेली, ते झेड-२३. पुन्हा तोच स्वभाव. कंपनीने एकूण २५१ कॉम्प्युटर बांधले. पण बाजारात टिकायला लागणारं भांडवल नव्हतं आणि साठच्या दशकात कंपनी हातातून जाऊन शेवटी सीमेन्सकडे गेली. पेटंटचा वाद तर वर्षानुवर्षं चालला. १९६७ मध्ये जर्मन पेटंट कोर्टाने निकाल दिला की यात पेटंट देण्याइतकी कल्पकता नाही. ज्याने बैठकीच्या खोलीत बसून हे सगळं एकट्याच्या डोक्याने काढलं, त्याला हे ऐकावं लागलं!

दुसरा कुणी कडवट झाला असता. त्सुझे चित्रं काढत राहिले. १९९५ मध्ये त्यांनी बिल गेट्स यांचं पोर्ट्रेट काढून त्यांना भेट दिलं. त्याआधी, १९८६ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीनंतर त्यांनी झेड-१ पुन्हा बांधायला घेतलं. ड्रॉइंग जळलेली, सगळं आठवून पुन्हा काढायचं. मध्येच हृदयविकाराचा झटका आला. तरी १९८९ मध्ये यंत्र उभं राहिलं. आज ते बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयात आहे, आणि मूळ झेड-४ म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये. १८ डिसेंबर १९९५ रोजी ह्युनफेल्ड इथे त्सुझे गेले.

आता आपल्याकडे बघूया. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. मोबाईल उघडायला तर धजावत नाही कुणी. एक भाग बिघडला की अख्खी वस्तू टाकून द्यायची, ही सवय हळूहळू आपल्यालाही लागतेय. इंजिनिअरिंगच्या पोरांना तरी ती लागू नये. डेस्कटॉपच्या कॅबिनेटला अजून बाजूला स्क्रू असतात. ते उघडल्यावर आत मेमरी कुठली, प्रोसेसर कुठला, अडतंय कुठे आणि चालतंय काय, हे आपल्या हाताने बघता येतं. चार वर्षांत एकदा तरी ते बघा. काय बदलायचं ते मग कळेलच. काय बदलायचं नाही तेही कळेल, आणि त्सुझे यांच्या यंत्रांकडे पाहता मला वाटतं, अवघड ते दुसरंच असतं.